गुडघ्यापर्यंतचं शवासन

सातपूरचा आमचा कारखाना बंद पडला आणि माझी झोपच उडाली. छातीत सारखी धडधड व्हायची. डॉक्टरांनी मखमलाबादच्या एका योगशिक्षकांकडे पाठवलं. ते एका वेळी एकालाच शिकवत. पहिल्याच दिवशी डोक्यावर उभं करतील, या धास्तीने मी गेलो. त्यांनी चहा पाजला, पडवीत सतरंजी अंथरली, मला शवासनात झोपवलं आणि स्वतःही शेजारी आडवे झाले.

"पाय सैल सोडा. पोटऱ्या सैल. आता गुडघे..."

आवाज बारीक होत गेला आणि घोरणं सुरू झालं. पहाटेच आपल्या मळ्यातली शेवंती विकायला फुलबाजारात जाऊन आलेला माणूस तो. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी अंग न हलवता पडून राहिलो.

जागे झाले तेव्हा ऊन सतरंजीवर आलं होतं. ते अजिबात ओशाळले नाहीत.

"लय झकास झोप लागली. गुडघ्यापर्यंत आलो होतो ना आपण? उद्या तिथून पुढं घेऊ."

लूनाला पॅडल मारताना माझ्या लक्षात आलं, इतका वेळ मला धडधडीची आठवणच झाली नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "काय शिकवलं?"

म्हटलं, "झोपून दाखवलं."