बुरशीचे कात्रण आणि त्र्यंबकराव

नवे मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मलकापूरहून बदलून मी या गावच्या शाळेत आलो आणि पहिल्याच संध्याकाळी वाचनालयात शेतीवरचे एक कात्रण मागितले. ग्रंथपाल त्र्यंबकरावांनी विचारले, "काऊन पाह्यजे, गुरुजी? काय कराचं हाये त्याचं?" मला रागच आला. कागद मागणाऱ्याची ही झडती कशाला?

वर्तमानपत्रांतून, शेतकीच्या पत्रकांतून कापलेला प्रत्येक कागद त्र्यंबकराव वहीत चिकटवीत आणि वर लाल शाईने लिहीत: कुठल्या भागातला, कधीचा, कोणत्या पिकाचा. चार प्रश्न विचारल्याशिवाय ते कुणालाही काही देत नसत. या सवयीची मी शाळेत टवाळी करीत असे. शहाणपणा अंगात मावत नव्हता, दुसरे काय!

एकदा ते परगावी गेले असताना वाचनालय मी सांभाळत होतो. भाजीपाला पिकवणारे सोनाजी आले. "मिरचीच्या रोपाले बुरशी लागून राह्यली, गुरुजी. वहीत काही हाये काय?" मी वही उघडली, 'बुरशी' हा शब्द दिसला आणि मोरचूद-चुन्याच्या औषधाचे प्रमाण ऐटीत चिठ्ठीवर उतरवून दिले. चार दिवसांत सगळी रोपे करपली.

त्र्यंबकराव परतल्यावर सोनाजी भरल्या वाचनालयात आले. "तुमच्या वहीतलंच औषध मारलं, त्र्यंबकराव. रोपं जळाली!" त्र्यंबकरावांनी माझी चिठ्ठी पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली. "वहीत माहीच चूक झाली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःची बैलगाडी जुंपून त्यांनी अमडापूरहून रोपे आणली आणि सोनाजींच्या बरोबरीने लावली. मी त्या दिवशी शाळेत नेहमीसारखे वर्ग घेतले.

नंतर एकांतात त्यांनी ते कात्रण पुढे केले. वर लाल अक्षरांत होते: संत्रा, बुंध्याला लावायचा दाट लेप. "तुम्ही बुरशी वाचली, गुरुजी. कोणाची, ते वाचाचं राह्यलं. असू द्या. वहीचं नाव गेलं तं चालते, मास्तरचं जाऊ नये." वहीचे नाव खरोखरच गेले. तिच्यासाठी येणारे शेतकरी हळूहळू यायचे थांबले. त्र्यंबकराव मात्र कात्रणे चिकटवीत राहिले, आणि मी शेजारी बसून ते पाहत राहिलो.

त्र्यंबकरावांच्या साठीनिमित्तच्या या अंकासाठी मला लेख मागितला, तेव्हा आधी सोनाजींकडे जाऊन मी सारे सांगितले. ते म्हणाले, "मंग इतके वर्स आम्ही त्या वहीले हात काऊन नाही लावला, गुरुजी?"

त्र्यंबकरावांना आणखी पंचवीस वर्षे ठणठणीत आयुष्य लाभो. त्यांच्यासमोर मान वर करून बसायला मला तेवढा काळ लागेल.