भोक पडलेला रुपया

नवी नवरी असताना मी देव्हाऱ्यातला काळा पडलेला रुपया चिंचेनं अन् राखेनं इतका घासला, की त्यावरच्या राजाचं नाकच गेलं. वर तो कौतुकानं सासूबाईंना दाखवायला नेला. एवढी मी हुशार. हे कळल्यापासून दिग्रसचे आमचे शेजारी मला आपली जुनी नाणी लांबूनच दाखवतात. ते एसटीचे निवृत्त कंडक्टर. अजूनही हाक न मारता फाटकावर नाण्यानं टकटक करतात, अन् खुर्ची दिली तरी खांबाला टेकूनच उभे राहतात.

परवा त्यांनी मोबाइलवरून मागवलेला चांदीचा रुपया आला, तर त्याला भोक. फोटोत ते दिसलंच नव्हतं. तांड्यावरच्या बंजारा बाया घालतात तशा हारात कुणी ओवलेला असावा. परत करायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. त्यांनी पाकीट चिकटवलं, उघडलं, पुन्हा चिकटवलं.

“पाठवा परत, भाऊजी,” मी म्हटलं. “फसवलं तुम्हाले.”

“पाहतो,” म्हणत ते कुरिअरवाल्याकडे गेले, अन् पाकीट तसंच हातात घेऊन परतले.

“काहून हो?”

“वहिनी, ज्या बाईनं हा गळ्यातून काढून विकला असन, तिचा जीव किती तुटला असन. आता मीबी त्याले दारातून हाकलू काय?”