डावा खिसा

“मेलेल्या माणसाला शॉक बसतो का?”

हा प्रश्न माझा नाही, माझ्या वर्गातल्या मुस्कान आणि ऋतिकाचा आहे. शुक्रवारी डबा खाताना मी बोलून गेले की रूथमावशी माझ्या स्वप्नात येते, आणि दोघींनी डबेच बाजूला सारले.

“मग पुढच्या वेळी विचार तिला,” ऋतिका म्हणाली. “नाही विचारलंस तर तू एक नंबरची फेकाडी.”

मुस्काननं वर शपथ घ्यायला लावली. मी म्हटलं, विचारते की! त्यात काय. या वर्षापासून मी कुणालाच घाबरत नाही.

तर आता रविवार आहे. चर्च झालंय, मटण झालंय, आई-बाबा आतल्या खोलीत आडवे झालेत. मी बाहेरच्या खोलीत चटईवर पडलेय. डाव्या अंगाला मावशीची पत्र्याची ट्रंक, झाकण उघडं. उजव्या अंगाला माझा अ‍ॅम्प. माझा म्हणजे मी बांधलेला! गिटारचा आवाज मोठा करणारा, व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत पेटायच्या ना काचेच्या नळ्या, तसल्या नळ्यांचा. मावशी असले अ‍ॅम्प बांधायची. नगरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प बिघडले की ते आधी तिच्याकडे यायचे. दोन वर्षांपूर्वी ती काविळीनं गेली आणि ही ट्रंक माझ्याकडे आली. ट्रंकेतल्या सामानातून मी हा उभा केला. प्रत्येक तार मी जोडलीय, सोल्डरचा प्रत्येक डाग मी दिलाय. फक्त बटण दाबायचं राहिलंय.

आणि तेवढंच मला करू देत नाहीत. काल बाबांनी सहज विचारलं, आत किती व्होल्ट असतात गं. मी कॉलर ताठ करून सांगितलं, “तीनशे!” झालं. आईचा चेहरा खर्रकन उतरला. आज चहाच्या वेळी डेव्हिडकाका स्कूटर घेऊन येणार आणि अ‍ॅम्प त्यांच्या रिपेरिंगच्या दुकानात नेणार. “नाताळला तू चर्चच्या तरुण संघासमोर झोकात वाजव की,” ते फोनवर म्हणाले. “आतलं माझ्यावर सोड.”

म्हणजे चहापर्यंत काय ते ठरवायचंय. रडायचं, भांडायचं, की काका यायच्या आत गुपचूप बटण दाबून मोकळं व्हायचं. तिसरं मला फार आवडलंय. आई-बाबा जरा गाढ झोपू देत. पंख्याचा आवाज लांब जातोय, जवळ येतोय, परत लांब जातोय. कुठूनतरी राळेचा वास येतोय, डाग देताना येतो तसा.

“पाय काढ, तारेवर पडलाय.”

मावशी आहे. चटईच्या कडेला उकिडवी बसलीय. फुलाफुलांचा गाऊन, चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. डोळे स्वच्छ पांढरे आहेत. शेवटी शेवटी पिवळे झाले होते, ते आता नाहीत.

“ऊठ अबुडे. सामान निवडायला जायचंय.” अबीची अबुडी फक्त तीच करते.

“सगळं सामान आहे माझ्याकडे.”

“आहे गं. निवडलंयस का?”

मी उठते आणि आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. टेबलं तीच, पण टेबलांवर गोणपाट अंथरलंय आणि गोणपाटावर ढीग लागलेत. वांग्यांच्या जागी व्हॉल्व्ह. कलिंगडांच्या जागी ट्रान्सफॉर्मर. आमच्या सायन्सच्या बाई डोक्यावर पदर घेऊन व्हॉल्व्हवर पाणी शिंपडतायत. मला त्याचं काहीच विशेष वाटत नाही.

“घ्या ताई, आजचाच माल आहे,” बाई म्हणतात.

मावशी तीन व्हॉल्व्ह उचलून माझ्यापुढे धरते. “सांग. कुठला नाही घ्यायचा?”

मी एकेक उजेडात धरते. दोघांच्या डोक्यावर आतून चंदेरी आरसा आहे. तिसऱ्याचा आरसा दुधासारखा झालाय.

“हा नाही. पांढरा पडलाय, म्हणजे आत हवा शिरली. हा मेला.”

आणि मी जीभ चावते.

“बोल बोल,” मावशी खदाखदा हसते. “मेल्याला मेला म्हणायला काय झालं? कुणी शिकवलं हे?”

“कुणी नाही. व्हिडिओ बघून. आणि एक फोडून.”

मावशी बाईंकडे वळते. “भाची आहे माझी.”

“विद्यार्थिनी माझी आहे,” बाई तोऱ्यात म्हणतात.

मी दोघींच्या मध्ये उभी आहे आणि मला वाटतंय आपण बोटभर उंच झालोय. मग मी थांबतच नाही. दोन ट्रान्सफॉर्मर हातात तोलून जड तो घेते. मावशी तो कलिंगडासारखा वाजवून बघते आणि पिशवीत टाकते. डाग द्यायची कावी दोन, एक नाजूक, एक जाडजूड. मी दोन्ही घेते.

“दोन कशाला?” मावशी मुद्दाम विचारते.

“बारीक डागांना बारीक. पण चासीच्या, सांगाड्याच्या पत्र्याला तार चिकटवायची तर पत्रा सगळी आच पिऊन टाकतो. तिथं हा गडीच पाहिजे.”

“ऐकलंत का बाई?” मावशी म्हणते. पण बाई नाहीत. बाजार उठलाय, पायाखाली पालापाचोळा आहे, आणि तो पालापाचोळा तुडवत आम्ही चर्चमध्ये शिरतोय. बाकं रिकामी. पुढच्या टेबलावर, जिथं बायबल असतं तिथं, माझा अ‍ॅम्प पालथा पडलाय. पोटातल्या सगळ्या तारा उघड्या. व्हॉल्व्ह पेटलेत. नारिंगी, मंद. म्हणजे तो चालू आहे!

मावशी बाह्या सारते आणि दोन्ही हात आत घालते. कोपरापर्यंत.

“मावशी!”

“काय?”

आत्ता विचारायला पाहिजे. आठवण तर झालीय. “मेलेल्या माणसाला शॉक बसतो का?”

ती माझ्याकडे बघते, मग स्वतःच्या हातांकडे. “नाही बसत,” ती म्हणते. “म्हणून तर दोन्ही घातले. जन्मभर एकाच हातानं काम केलं, आता मजा करून घेते. तू मात्र एकच घालायचा. दुसरा कुठं?”

“माहितेय. खिशात. दोन्ही हात आत गेले की करंट या हातातून त्या हातात जातो.”

“आणि वाटेत काय लागतं?”

“काळीज.”

“मग?”

“मग काय! मला खिसाच नाही.” मी फ्रॉक दोन्ही बाजूंनी चापून दाखवते.

“पोरींच्या कपड्यांना खिसा कोण देतंय? मलाही नव्हता.” ती जरा वळते. फुलाफुलांच्या गाऊनला डाव्या बाजूला निळ्या कापडाचा खिसा आहे, भलताच खोल. “तुझ्या आईनं शिवला. एकदा शॉक बसून मी भिंतीवर आदळले. आई तुझी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या एकेका गाऊनला खिसा यायला लागला.”

मला आईचा कालचा उतरलेला चेहरा आठवतो.

मावशी आतून दोन डब्या ओढून वर धरते. अंगठ्याएवढ्या, चंदेरी. “आणि हे?”

“कंडेन्सर. तुझेच आहेत.”

“माझे आहेत ते दिसतंय. नवे का नाही घेतलेस?”

“तुझे होते म्हणून.”

मावशी दोन्ही डब्या उजेडाकडे धरून बघते. व्हॉल्व्ह तेवढे पेटलेले.

“वेडाबाई,” ती हळूच म्हणते, “हे वाळतात. आतली ओल जाते. आज ते बटण दाबलं असतंस ना गुपचूप, तर एखादा फुटला असता तोंडावर.”

हिला कसं कळलं ते मी विचारत नाही.

“माझा ट्रान्सफॉर्मर घे. लोखंड-तांब्याला काही होत नाही. पक्कड घे, कावी घे. पण माझं म्हणून काही लावायचं नाही. चांगलं म्हणून लावायचं.”

“म्हणजे मी चुकले.” माझा आवाज नको तितका बारीक येतो.

“एका जागी. बाकीचे डाग बघितले मी. एकूण एक. माझ्यापेक्षा सुबक आहेत.”

“परत म्हण!”

“नाही म्हणणार. चढशील.”

“मावशी, परत म्हण ना!”

“सुबक आहेत गं बाई, सुबक आहेत!” चर्चभर घुमतं ते. मग ती निळ्या खिशातून एक तार काढते. एका टोकाला दातेरी चिमटा, मधे पिवळ्या नळीत काहीतरी जाड, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या मुठीची टाचणी. ही तार ट्रंकेच्या तळाशी असते. मी तिला कचरा समजते.

“बटण बंद केलं तरी कंडेन्सर विजेनं भरलेलेच राहतात. चिमटा चासीला लाव, टाचणी त्यांना टेकव. रिकामे कर. मीटरनं बघ. मगच हात.”

“एकच.”

“एकच.” ती तार माझ्या डाव्या तळहातावर ठेवते आणि माझी बोटं एकेक करून मिटते. तिचा हात कोमट आहे, नुकत्याच बंद केलेल्या व्हॉल्व्हसारखा. बाहेर घंटा वाजायला लागते. घंटेचा आवाज जरा विचित्रच आहे, चिरका, स्कूटरच्या हॉर्नसारखा.

स्कूटरचाच हॉर्न आहे.

मी चटईवर आहे. डावा हात कोपरापर्यंत ट्रंकेत गेलाय आणि पार बधिर झालाय. मी तो उजव्या हातानं उचलून बाहेर काढते. मूठ घट्ट मिटलेली. उघडते तर आत ती तार, पिवळ्या नळीची. चिमट्याचे दात तळहातावर ओळीनं उमटलेत. झोपेत हात गेला असेल म्हणा. मुस्कान तेच म्हणेल. म्हणू दे.

डेव्हिडकाका दारात चपला काढतायत. आई चहाचे कप घेऊन आलीय, बाबा डोळे चोळतायत.

“चला, कुठाय आमचा पेशंट?” काका अ‍ॅम्पपाशी वाकतात.

“थांबा काका. तो कुठं जाणार नाहीये.”

“अबी,” बाबा म्हणतात, “परत सुरू करू नकोस.”

“नाहीच करणार बाबा. आज तर बटणालाही हात लावणार नाही. मी यात मावशीचे कंडेन्सर घातलेत, ते वाळलेत. काढणार आणि नवे आणणार. पण काढणार मी, लावणार मी. बटण दाबायच्या दिवशी काका, तुम्ही या. शेजारी बसा. चुकलं तर खुशाल ओरडा. हात मात्र माझाच असेल.”

काका बाबांकडे बघतात. “असले कंडेन्सर मागवावे लागतात, वेळ जातो. नाताळ हुकेल गं पोरी.”

ते मला कळतंय. “हुकू दे. ईस्टरला वाजेल.”

“आणि ते तीनशे व्होल्ट?” आई कप ठेवायचं विसरून तशीच उभी आहे. “ते ईस्टरला कमी होणारेत का?”

“नाही होणार. म्हणून तर एकच हात घालणार.” मी उठून तिच्यासमोर जाते. डावा हात आता मुंग्यांनी भरलाय. “दुसऱ्याचं तू बघ, आई. माझ्या सगळ्या कपड्यांना डाव्या बाजूला खिसा शिवून दे. मावशीला शिवायचीस तसा. खोल.”