पायाखाली चाकं

संध्याकाळी रिंकच्या बाकावर मुक्ता तोंड पाडून बसली होती. माझी ही मुलगी रोलर हॉकी खेळते आणि गेले काही दिवस चाकांवर उभी राहिली की तिचे घोटे आत कलंडत होते.

"बाबा, माझे पायच वाकडे आहेत. मी हॉकी सोडते."

तिचे तळवे सपाट आहेत आणि ते तिने माझ्याकडूनच घेतलेत.

तेवढ्यात तिच्या प्रशिक्षक मॅडम आल्या. तिला उभं करून त्यांनी मागून नीट पाहिलं. "पाय छान आहेत गं तुझे. चाकं बरोबर त्यांच्या खाली नाहीत, एवढंच." बुटाच्या तळाशी चाकांची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते. दोन्ही स्केट्स काढायला लावून त्यांनी स्क्रू सैल केले, ती किंचित आत सरकवली आणि स्क्रू पुन्हा घट्ट केले. मुक्ताने पुन्हा बुटात पाय घालून टाच मागे दाबून बसवली आणि मी खालपासून एकेक फेरा ओढत नाड्या बांधल्या.

लहानपणी बूट चावला की घरी म्हणायचे, सवय होईल. ते मी इतकं मनावर घेतलं की पुढे नोकरीत, घरात, खुर्चीतसुद्धा स्वतःलाच आवळून बसवत आलो. समोरचं काही सरकवून पाहावं, हे कधी सुचलंच नाही.

मुक्ता उठली. घोटे सरळ राहिले. एक लांब फेरी मारून ती आमच्यासमोरून गेली आणि हसत ओरडली, "मॅडम, उजवी पट्टी अजून जरा आत हवीय!"