धुतलेल्या कपड्यांचं धुणं

माझी धाकटी जाऊ एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. जेवताना तिचा एक पाय टेबलाखाली हलत असतो. चहा घेते तोही ओट्यापाशी उभ्यानं, आणि अर्धा कप कुठेतरी ठेवून विसरते. तो मग खिडकीत सापडतो, कपाटावर सापडतो, एकदा तर चपलांच्या रॅकवर सापडला. सासूबाई फोनवरून म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी आहे." खरं तर भिंगरी भाऊजींच्या नोकरीला आहे. ते लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. जिथे उंच इमारती उठतात तिथे कंपनी त्यांना धाडते, आणि ही मुलीला, कुकरला आणि खोक्यांना घेऊन मागोमाग निघते. हा त्यांचा तिसरा देश. आम्ही इथे आधीपासून होतो, म्हणून या खेपेला दोघी जावा एकाच इमारतीत, वरखाली राहतो.

ती लिहिते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिला वांगं चालत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही गोष्टींबद्दल त्यापलीकडे कुणी काही विचारत नाही. लग्नाआधी तिच्या काही कथा छापून आल्या होत्या. नंतर प्रत्येक देशात एक कादंबरी सुरू झाली आणि बदली आली की अर्ध्यावर राहिली.

"ताई, माझ्याकडे नुसत्या सुरुवाती आहेत," ती एकदा हसत म्हणाली. "निदान ही एक तरी संपवायचीय. इथून हलायच्या आत."

भाऊजींची इथली इमारत तेव्हा गच्चीपर्यंत आली होती.

आमच्या इमारतीत धुण्याची मशीनं तळघरात आहेत, सगळ्यांची मिळून. खोलीला खिडकी नाही, साबणाचा वास भिंतीत मुरलेला, आणि फोनला रेंज नाही. एका दुपारी मी पडदे घेऊन खाली गेले तर ही तिथे टोपलीतून कपडे काढत होती.

"अगं, हा शर्ट तर इस्त्रीचा आहे."

"घडी मोडली होती."

"कुठे मोडलीय?"

तिनं शर्ट माझ्या हातातून घेतला, झटकला आणि मशीनमध्ये टाकला. "आता मोडली."

मी टोपलीत पाहिलं. सगळे कपडे आदल्या दिवशी धुतलेले. तळाशी टॉवेलांच्या मध्ये कागद आणि पेन. कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल होतं, त्याच्याशी स्टूल ओढून ती बसली.

"घरात मी कागद काढला ना ताई, की सगळ्यांना काहीतरी सापडेनासं होतं. धुणं लावायला चालले म्हटलं की कुणी हाक मारत नाही. धुण्याला मान आहे आपल्यात."

"मग सरळ सांग ना, लिहायला वेळ हवाय."

"सांगितलं होतं मागच्या देशात. हो म्हणाला बिचारा. मग दर थोड्या वेळानं दार ढकलून विचारायचा, झालं का लिहून?"

मी पडदे मशीनला लावले आणि तिथेच टेकले. मशीनं घरघरत होती, ती लिहीत होती. सहज टेबलाखाली नजर गेली. पाय हलत नव्हता.

त्या दिवसापासून मी तिला धुणंबाई म्हणू लागले आणि तोंडाला कुलूप लावलं. पण कपडे कुठे गप्प बसतात? भाऊजींचे शर्ट कॉलरपाशी विरले. पुतणीचा शाळेचा निळा गणवेश आभाळी झाला. टॉवेल तर असे झाले की त्यातून पलीकडचं दिसावं. भाऊजींना वाटलं, खालच्या मशीनांनीच कपड्यांची वाट लावली. यंत्राच्या माणसाला ते फार लागलं. आणि बायको बिचारी सारखी टोपली घेऊन वरखाली करते, तेही दिसत होतंच.

एका रविवारी त्यांनी आम्हाला सगळ्यांना वर बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली पांढरं शुभ्र मशीन बसवलेलं. नळीसुद्धा त्यांनी स्वतः जोडली होती. फोन पुढे धरून सासूबाईंना दाखवणं चाललं होतं.

"नशीबवान आहेस गं," सासूबाई म्हणाल्या.

"आता खाली जायची कटकटच संपली," भाऊजी म्हणाले. "काय, बोल ना."

"छान आहे," ती म्हणाली. पदर नव्हता तरी हात खांद्याशी जाऊन आला.

त्यानंतरचे दिवस तिचे बघवेनात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून गॅलरीत. कागद काढायची, ठेवायची. मध्येच माझ्याकडे यायची आणि कशाला आले होते ते आठवेना म्हणून परत जायची. त्यातच भाऊजी जेवताना बोलून गेले, लिफ्टची चाचणी आता कधीही होईल.

शेवटी मीच माझी टोपली तिच्यापुढे ठेवली. "माझं मशीन कुठाय घरात? माझे कपडे घेऊन जा."

तीही युक्ती चार दिवस चालली. मग भाऊजी लवकर घरी आले आणि जिन्यातच गाठ पडली. तिच्या कमरेवर माझी टोपली, वरती माझ्या नवऱ्याचा बनियन. मी दारातच उभी होते.

"वहिनी," भाऊजींचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. "घरात मशीन असून ही तुमचे कपडे धुवायला तळघरात जाते? तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं मी," मी म्हटलं.

त्या एका वाक्यानं दोन भावांची घरं कायमची दुरावली असती. तिनं टोपली खाली ठेवली.

"ताईंना नको बोलूस. मला तिथे लिहायला जायचं असतं."

"लिहायला? मग घरात लिही की. कोण नको म्हणतंय?"

"कुणीच नको म्हणत नाही. हेच तर..."

वरून पुतणीची हाक आली, "आई, माझी पट्टी कुठेय?" आणि भाऊजींनीही त्याच दमात विचारलं, "हो, माझा छोटा पाना कुठे ठेवलास गं?"

विचारल्यावर भाऊजी स्वतःच चपापले. मग तिनं टोपलीतून आपले कागद तेवढे काढून घेतले, खालच्या खोलीची किल्ली घेतली आणि जिना उतरून गेली. टोपलीशिवाय तिला खाली जाताना मी पहिल्यांदा पाहत होते. तीही बहुधा पहिल्यांदाच जात होती, कारण वळणावर तिचा हात सवयीनं कमरेशी गेला.

भाऊजी टोपलीकडे बघत राहिले. "वहिनी, हे कपडे?"

"तुमच्याच मशीनला लावा."

आम्ही टोपली घेऊन वर त्यांच्या घरी गेलो. त्यांनी एकेक कपडा आत टाकला, साबण ओतला. मग बटणाशी जरा घुटमळले.

"हे होईपर्यंत येईल ना ती वर?" असं म्हणत त्यांनी बटण झटपट धुण्यावर आणलं.

मी हात पुढे केला आणि ते फिरवून सगळ्यात लांबच्या धुण्यावर नेलं.