मागच्या स्पीकरमधली हाक

आम्ही बौद्ध. भूत, भगत, उतारा यांना आमच्या घरात कधी थारा नव्हता. त्यात माझं काम असं की आवाजाचं कारण वायरीत सापडतंच. घूं... असा आवाज आला तर अर्थिंग बघायचं, खरखर आली तर कुठला तरी जोड सैल आहे. एवढंच माझं शास्त्र. त्यामुळे जे घडलं ते लिहायला मला दोन वर्षं लागली.

मी यवतमाळला साउंड सिस्टीम बसवतो. दारव्ह्याची एक टॉकीज बरीच वर्षं बंद पडून होती. राठोड सर म्हणून एक शिक्षक आहेत, त्यांनी ती चालवायला घेतली. तांड्यांवरच्या मुलांना मोठ्या पडद्यावर सिनेमे दाखवायचे होते त्यांना. पडदा नवा होता, पण साउंड प्रोसेसर आणि अॅम्प्लिफायर जुनेच, चांगले चालू. त्यांना ब्लू-रे प्लेअर जोडून द्यायचा, एवढंच माझं काम.

बाबांना मुद्दाम सोबत नेलं. ते याच टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. नूरभाई नावाच्या सीनियर ऑपरेटरने त्यांना प्रोजेक्टरचं मशीन चालवायला शिकवलं होतं. नूरभाई टॉकीज बंद व्हायच्या आधीच वारले. वरची केबिन आता रिकामी... दोन्ही मशिनी भंगारात गेलेल्या, वीजही तोडलेली. म्हणून सगळं सामान खाली पडद्याजवळ ठेवलं होतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. दारं सताड उघडी, आत ऊन. प्लेअरच्या मागून सहा वायरी काढून प्रोसेसरला जोडल्या आणि टेस्ट लावली. यात प्लेअर एकेका स्पीकरमधून नुसता 'शूं' असा आवाज सोडतो. बाबा मधल्या रांगेत बसून हात वर करत होते — आला, आला. मग मागच्या भिंतीवरच्या डाव्या स्पीकरची पाळी आली. शूं... आणि त्यातूनच एक माणूस बोलला.

"गणपत, ऊठ. रीळ संपलं."

गणपत म्हणजे माझे बाबा. ते ताडकन उभे राहिले.

"नूरभाई होय," ते म्हणाले.

मी हसलो. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. "बाबा, एखादा रेडिओ घुसला असन. बसा तुम्ही."

"रेडिओले माहं नाव कसं माईत?"

मी टेस्ट बंद केली, सहाही वायरी उपटल्या. प्रोसेसर उघडून बघत बसलो. वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच. तोच स्पीकर, तेच शब्द. फक्त आवाज जरा वैतागलेला. एक रीळ साधारण तेवढंच चालायचं, मग लगेच दुसऱ्या मशीनवरचं लावायचं, हे मला बाबांनीच लहानपणी सांगितलं होतं.

आता मी अॅम्प्लिफायरचा मेन स्विच पाडला. सगळे दिवे विझले. बाबा पाठमोरे, त्या स्पीकरकडे बघत उभे. मी म्हणालो, "घरी जाऊ आपण." त्या स्पीकरला कुठून दुसरी लाइन जोडलेली आहे का, हे विचारायला मी सरांना फोन लावला. ते बाजारात होते. बराच वेळ बोलणं झालं, मग मध्येच ते थांबले.

"भाऊ, तुमच्या मागं कोण आहे? गणपत गणपत करून राह्यलं?"

मला या वेळी काहीच ऐकू आलं नव्हतं. मी वळलो. बाबा जागेवर नव्हते.

जिना बाहेरून आहे. कसा चढलो आठवत नाही. बाबा रिकाम्या केबिनमध्ये, हॉलकडच्या भिंतीतल्या छोट्या खिडकीला डोळा लावून उभे होते. उजवा हात हवेत, जणू समोर मशीन आहे.

"बाबा, चला खाली."

"थांब नं. रीळ लावून राह्यलो."

मी त्यांना कवेत धरून ओढलं. अंगात एवढी ताकद कुठून आली होती त्यांच्या, कोण जाणे. खाली आणून पाणी पाजलं तेव्हा दिसलं — उजव्या हाताच्या दोन बोटांवर टरारून फोड आलेले. डॉक्टरांनी विचारलं, "तापलेल्या लोखंडाला हात लागला का?" केबिनमध्ये धूळ आणि कबुतरांची घाण, याशिवाय काही नव्हतं.

ते काम मी सोडलं. सरांनी पुसदहून दुसरा माणूस आणला. त्याने त्याच सहा वायरी तिथेच जोडल्या. शो चालतात, कोणाची तक्रार नाही.

दोन महिने गेले. एकदा जेवताना मीच विचारलं, "खिडकीतून काय दिसलं तुमाले?"

"हॉल भरेल होता," ते म्हणाले. "पन सारे पडद्याकडं पाठ करून बसेल. माह्याकडं पाहून राह्यलते."

"वळखीचे होते कोनी?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तू होता नं. पुढच्या रांगेत."

मी तेव्हा जिन्यात होतो. हॉलमध्ये कोण बसलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.