कलालाच्या घरचा चहा

शाळा मी दुसरीतच सोडली, पण माणूस मला कळतो. दारूबंदी ढिली झाली तेव्हा कशेळ्याच्या बाजारात एकानं परवान्याचं देशी दारूचं दुकान टाकलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पिणारे "ए कलाल!" म्हणून ओरडायचे आणि तो दमलेल्या डोळ्यांनी मान वर करायचा. मी पीत नाही; गाडीची वाट बघत दुकानाच्या सावलीला बसायचो.

एकदा म्हटलं, "राग नाय येत रं तुला?"

फडक्यानं बाटली पुसत तो म्हणाला, "कशाचा? आजा सांगायचा, जुन्या भाषेत दारू म्हंजे कल्य. ती राखणारा तो कल्यपाल. लोकांच्या तोंडात झिजून झिजून झाला कलाल. शिवी नाय ती दादा, काम हाय."

पुढच्या बाजाराला त्याच्या पोरीला बघायला पाव्हणे आले. मधल्या माणसानं त्यांना किराण्याचं दुकान सांगितलं होतं. तो याच्या कानाशी लागला, "आजच्यापुरतं हो म्हण की रं!"

यानं पाव्हण्यांना हात जोडले. "कलाल हाय मी. दारू विकतो. पोरगी मागं घरात हाय, या."

पाव्हणे आल्या पावली परतले. मग कलाल आतून चहाच्या कपबश्यांचं ताट घेऊन आला.

"घ्या दादा. पोरीनं केलाय."

दुसऱ्यासाठी मांडलेलं मी कुणाकडं घेत नाही. गाडी हॉर्न देत होती, तरी त्या दिवशी दोन कप प्यालो आणि आत ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "झकास झालाय गं पोरी!"